बाळाच्या वाट्याचा परतावा

सकाळी ८

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत फेब्रुवारीतल्या शनिवारी वाचनालय उघडायच्या आधीच दाराशी रांग लागलेली असते. कुणाच्या हातात कागदांची पिशवी, कुणाच्या हातात कारसीटमध्ये गुरफटलेलं बाळ. तळघरातल्या सभागृहात आम्ही टेबलं लावतो, संगणक जोडतो, प्रिंटरमध्ये कागद भरतो. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांची आयकर विवरणपत्रं इथे फुकट भरून दिली जातात. आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याचा हा कार्यक्रम पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. त्याला सगळे ‘व्हिटा’ म्हणतात. भरून देणारे सगळे स्वयंसेवक. दर हंगामाआधी अभ्यास करून परीक्षा द्यायची, ती पास झाल्याशिवाय टेबलावर बसता येत नाही. मोबदला घ्यायचा नाही, कुणी वीस डॉलर पुढे केले तरी हात जोडून परत करायचे.

माझ्या टेबलावर बहुतेक वेळा नवे आईबाप येतात. मी ते मागून घेतलं आहे. या देशात बाळ जन्मलं म्हणून केंद्र सरकार दरमहा घरी भत्ता पाठवत नाही. बाळासाठीची सगळ्यात मोठी रोख मदत आयकराच्या विवरणपत्रातून येते. ते भरलंच नाही, किंवा बाळाचा रकाना चुकला, तर कायद्याने मंजूर केलेले पैसे तिजोरीतच राहतात. आणि विवरणपत्र भरायची वेळ येते तेव्हा आईबापांची रात्रीची झोप झालेली नसते.

सकाळी ८.४५

रांगेतच आम्ही कागद तपासून घेतो. दोघांची फोटो असलेली ओळखपत्रं, घरातल्या प्रत्येकाचं सोशल सिक्युरिटी कार्ड, मालकाने दिलेला पगाराचा दाखला म्हणजे डब्ल्यू-टू, बँकेचा राउटिंग नंबर आणि खाते क्रमांक, गेल्या वर्षीचं विवरणपत्र, सरकारी बाजारातून आरोग्य विमा घेतला असेल तर त्याचा फॉर्म. सर्वात जास्त अडतं ते बाळाच्या कार्डावर. इस्पितळात जन्मनोंदणीचा अर्ज भरतानाच नंबर हवा असं सांगता येतं, मग काही आठवड्यांत कार्ड टपालाने घरी येतं. ते आलं नसेल तर मी एकच गोष्ट सांगते: थांबा. बाळाला सोडून विवरणपत्र पाठवू नका. १५ एप्रिलपर्यंत वेळ आहे, मुदतवाढही मागता येते. पण मुदतवाढ धरून जी शेवटची तारीख असेल तिच्या आत नंबर मिळालेला असावा लागतो. तो त्यानंतर मिळाला तर त्या वर्षाचं बाल-क्रेडिट, म्हणजे मुलामागे मिळणारी करसवलत, गेलं.

सकाळी ९.१५

पहिलं जोडपं. तो गोदामात, ती औषधांच्या दुकानात. दोघांचा मिळून वर्षाचा पगार ४६,००० डॉलर. बाळ ३० डिसेंबर २०२५ला जन्मलं. वडील सुरुवातीलाच म्हणतात, “ते पुढच्या वर्षी धरायचं ना? दोनच दिवसांचं होतं.”

अनेकांचा हाच समज असतो. कायदा उलटं सांगतो. वर्षाच्या शेवटच्या दिवशी जन्मलेलं बाळही पूर्ण वर्ष आईबापांजवळ राहिलं असं धरलं जातं. मी आकडे मांडून दाखवते. ४६,००० मधून ३१,५०० ची प्रमाण वजावट गेली, उरले १४,५००. त्यावर कर १,४५० डॉलर. २०२५ साठी बाल-क्रेडिट दर मुलामागे २,२०० डॉलर. क्रेडिट उत्पन्नातून वजा होत नाही, थेट करातून वजा होतं. म्हणून १,४५० चा कर शून्यावर आला आणि उरलेले ७५० डॉलर रोख परत मिळणार. त्यावर कष्टकरी कुटुंबांसाठीचं ‘अर्न्ड इन्कम क्रेडिट’. मूल नसताना या पगारावर ते शून्य होतं. एका बाळामुळे ते सुमारे १,८४५ डॉलर झालं. न्यू जर्सी राज्य स्वतःचं बाल-क्रेडिट देतं, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला, उत्पन्नाप्रमाणे. यांना ६०० मिळतील. शिवाय राज्य केंद्राच्या अर्न्ड इन्कम क्रेडिटच्या ४० टक्के आपल्याकडून घालतं, म्हणजे आणखी सुमारे ७४०. दोन दिवसांच्या बाळामुळे या घराच्या हिशेबात जवळजवळ ५,४०० डॉलरचा फरक पडला.

आई काही बोलत नाही, फक्त बाळाची टोपी नीट करते. वडील कागद उलटा-सुलटा करून बघतात आणि विचारतात, “आणि हे कर्ज नाही ना?” कर्ज नाही. फेडायचं नाही. तुमचंच आहे.

सकाळी १०

“कधी येतील?” हा पुढचा प्रश्न. इथे खरं सांगावं लागतं. २०१५च्या एका कायद्याने केंद्राच्या या दोन क्रेडिटांचे परतावे १५ फेब्रुवारीच्या आधी सोडायला बंदी घातली आहे, खोटे दावे पकडायला आयआरएसला वेळ मिळावा म्हणून. जानेवारीच्या अखेरीस सगळ्यात आधी भरणाऱ्यांच्या हातीही पैसे फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला येतात. हीच घरं सर्वांत घाईत असतात. पाळणा हप्त्यावर घेतलेला असतो, इस्पितळाचं बिल आलेलं असतं, आईची बिनपगारी रजा चालू असते. याच काळात गल्लोगल्ली ‘आजच पैसे’ म्हणणाऱ्या पाट्या लागतात. परताव्यावर आगाऊ रक्कम देतात, आणि विवरणपत्र भरण्याची फी, खात्याची फी त्यातूनच कापून घेतात. मी जोडप्याला सांगते, तीन आठवडे कळ काढा. परतावा थेट तुमच्या बँकेत जाऊ द्या. विवरणपत्र ऑनलाइन गेल्यावर दुसऱ्या दिवसापासून आयआरएसच्या साइटवर त्याची स्थिती दिसते, ती कशी बघायची ते फोनवर लगेच दाखवते.

उठण्याआधी दोन कामं करून घेते. पहिलं, मालकाकडचा डब्ल्यू-फोर बदलणं. घरात मूल आलं हे त्यात लिहिलं की दर पगारातून कमी कर कापला जातो. वर्षअखेरच्या मोठ्या परताव्याचा आनंद मला समजतो, पण लंगोट दर आठवड्याला लागतात. पैसा दर पंधरवड्याला घरात आलेला बरा. दुसरं, फॉर्म ४५४७. १ जानेवारी २०२५ ते ३१ डिसेंबर २०२८ या काळात जन्मलेल्या अमेरिकन नागरिक बाळासाठी सरकार ‘ट्रम्प अकाउंट’मध्ये १,००० डॉलर घालणार आहे. ते शेअर निर्देशांकाच्या फंडात राहतात आणि मूल अठरा वर्षांचं होतं ते वर्ष सुरू होईपर्यंत काढता येत नाहीत. पण खातं उघडायचं असं आईबापांनी कळवावं लागतं. इथेही न मागणाऱ्याला मिळत नाही.

सकाळी १०.४५

एकटी आई. घरोघरी जाऊन वृद्धांची सेवा करायची, गरोदरपणात काम सुटलं. गेल्या वर्षीची कमाई ९,००० डॉलर. ती रांगेतून परत निघाली होती. “मला कर लागतच नाही, मग मी का भरू?” असं ती दारातल्या स्वयंसेविकेला म्हणाली, आणि त्या बाईंनी तिचा हात धरून तिला माझ्याकडे आणलं.

तिला विवरणपत्र भरायची सक्ती नाही हे खरंच आहे. या देशातल्या सर्वांत गरजू आया नेमक्या इथेच हरवतात. तिच्या नावावर अर्न्ड इन्कम क्रेडिट सुमारे ३,०६० डॉलर निघालं, राज्याचं बाल-क्रेडिट पूर्ण १,००० आणि राज्याचं ४० टक्क्यांचं क्रेडिट सुमारे १,२२४. पण केंद्राचं बाल-क्रेडिट? रोख मिळणारा भाग दर मुलामागे जास्तीत जास्त १,७००, आणि तोही मिळकतीच्या पहिल्या २,५०० डॉलरनंतरच्या रकमेच्या १५ टक्क्यांनीच वाढतो. तिच्या ९,००० वर ते झालं ९७५ डॉलर.

४,००,००० डॉलरपर्यंत कमावणाऱ्या जोडप्याला मात्र पूर्ण २,२०० मिळतात. बाळ तेच, दूध तेच, डॉक्टर तोच. ज्या घरात ते बाळ सर्वांत उघड्यावर आहे तिथे सर्वांत कमी. हे मला मान्य नाही, आणि मी ते लपवत नाही. हा कायदा वेगळा असू शकतो हे आम्ही पाहिलेलं आहे. १९९७च्या कायद्याने हे क्रेडिट सुरू केलं ते ४०० डॉलरचं होतं, आणि तेव्हापासून ते अनेकदा बदललं आहे. २०२१ साली सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० डॉलर ठरले, उत्पन्न शून्य असलं तरी पूर्ण, आणि त्यातले निम्मे १५ जुलैपासून दरमहा ३०० करून घरी आले. जनगणना खात्याच्या पूरक मोजमापाप्रमाणे त्या वर्षी मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली, त्यात या क्रेडिटचा मोठा वाटा होता. वर्ष संपलं, तरतूद संपली. २०२२ साली तो आकडा १२.४ टक्के झाला. गरीब मुलांचं प्रमाण एका वर्षात दुपटीहून वाढलं. त्या वर्षात मुलांनी किंवा त्यांच्या आयांनी काही वेगळं केलं नव्हतं. बदलला होता तो कायदा.

त्या एकट्या आईच्या हाती एकूण सुमारे ६,२६० डॉलर येणार, त्यातली एकही रक्कम दारातून परत गेली असती तर आली नसती. मी तिला आणखी विचारते, २०२२ साली काम केलं होतंस का, तेव्हाचं भरलंस का? परतावा मागायला तीन वर्षं असतात. २०२२चं दार १५ एप्रिल २०२६ला बंद होतं. ती म्हणते, तेव्हाही नव्हतं भरलं. पुढच्या शनिवारी तो डब्ल्यू-टू घेऊन यायचं ठरतं.

दुपारी १२

“काकू, तुम्ही मराठी ना?” एडिसनमध्ये राहणारं कुटुंब. तो विद्यापीठात संशोधक, एच-वन व्हिसावर, पगार ५८,०००. ती एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर, काम करण्याची परवानगी नाही. चार वर्षांची मुलगी पुण्यात जन्मलेली, तीही एच-फोरवर. मुलगा गेल्या ऑगस्टमध्ये इथे जन्मला. बाळंतपणासाठी आलेली आजी मागच्या खुर्चीवर नातवाला मांडीवर घेऊन बसलेली, येताना सगळ्यांसाठी अळिवाचे लाडू घेऊन आलेली. टेबलावर काही घेता येत नाही हे सांगताना मला अवघड होतं. त्यांना ते पटतं, आणि डबा पिशवीत परत जातो.

मुलाचा नंबर आहे, वडिलांचा नंबर आहे, म्हणून मुलाचं २,२०० लागू. २०२५च्या कायद्यानंतर मुलाबरोबर आईवडिलांपैकी निदान एकाचाही सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, आणि एच-वनवर मिळालेला नंबर त्यात चालतो. मुलीला मात्र तो नंबर मिळत नाही. तिच्यासाठी आयटिन, म्हणजे करापुरता ओळख क्रमांक, काढायचा, आणि तिच्या नावे मिळतात ५०० डॉलर, तेही फक्त करातून वजा होण्यापुरते. आईलाही आयटिन लागणार. तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून अर्न्ड इन्कम क्रेडिट दोघांना मिळत नाही.

ती जरा वेळ कागदाकडे बघते. “म्हणजे मोठीचं मोल कमी?”

“मोल नाही गं, कायदा,” मी म्हणते. “आणि तो कायदा बरोबर आहे असं मी तुला सांगणार नाही.” मग जे करता येतं ते करते. ५८,००० वर त्यांचा कर साधारण २,७०० निघतो, आणि दोन्ही मुलांची मिळून क्रेडिटं २,७०० होतात. वर्षभर पगारातून कापला गेलेला केंद्राचा आयकर जवळजवळ सगळा परत. न्यू जर्सी राज्य मात्र आयटिन असलेल्या मुलालाही आपलं बाल-क्रेडिट देतं. तिथे दोघांना सारखेच, ४००-४००. हे ऐकून आईचा चेहरा जरा सैल होतो.

आयटिनचा अर्ज विवरणपत्रासोबत टेक्सासमधल्या ऑस्टिनला कागदावर जातो, म्हणून परतावा काही आठवडे उशिरा येईल. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवायची भीती वाटत असेल तर तो तपासून प्रमाणित करणारे मान्यताप्राप्त एजंट असतात, त्यांच्याकडे जा. आणि आपल्या लोकांना विचारायचे प्रश्न मी इथेच विचारते. पुण्याच्या बँकेत ठेव आहे का? तिचं व्याज इथे दाखवावं लागतं, भारतात त्यावर कर कापला असला तरी. तिकडची सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असतील तर त्यांची वेगळी माहिती सरकारला द्यायची. बारशाला आलेले पैसे? ती भेट आहे, उत्पन्न नाही. मात्र ते ठेवीत ठेवले तर त्याचं व्याज हे उत्पन्न. आणि मागे बसलेल्या आजी? पर्यटक व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्या आजींना अवलंबून व्यक्ती म्हणून दाखवता येत नाही, कितीही तिकिटं काढलेली असोत.

आजी हसून म्हणतात, “माझं राहू द्या. पोरांचं नीट करा.”

दुपारी १.१५

डबा खाता खाता दुसऱ्यांची विवरणपत्रं तपासायची. इथे एकाने भरलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय काही बाहेर जात नाही. बाळाची जन्मतारीख, नंबरातले नऊ आकडे, नावाचं स्पेलिंग, बँकेचा क्रमांक. कार्डावर नाव एक आणि फॉर्मवर दुसरं असलं की संगणक विवरणपत्र परत फेकतो. मराठी घरांत वडिलांचं नाव मधे लावतात, आडनाव कधी आईचं कधी वडिलांचं. म्हणून मी कार्ड समोर ठेवून अक्षर अक्षर जुळवते.

दुपारी २

तिशीतलं जोडपं. यांच्या हातात कारसीट नाही. प्राथमिक फॉर्मवर मुलांच्या रकान्यात काही लिहून खोडलेलं आहे. मी हळू आवाजात विचारते. बाळ गेल्या सप्टेंबरमध्ये जन्मलं आणि त्याच दिवशी, काही तासांनी गेलं. त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर निघालाच नाही. “म्हणून खोडलं,” वडील म्हणतात.

मी त्यांना सांगते की खोडायची गरज नाही. बाळ जिवंत जन्मलं असेल, मग ते एक क्षण जगलेलं असो, कायद्याच्या दृष्टीने ते त्यांचं मूल आहे आणि त्या पूर्ण वर्षाचं क्रेडिट त्याच्या नावे मिळतं. नंबरच्या जागी ते मरण पावल्याचं लिहायचं आणि जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला किंवा इस्पितळातली जिवंत जन्माची नोंद यांपैकी एकाची प्रत जोडायची. आईच्या पर्समध्ये जन्मदाखला आहे. तिने तो आणला होता, दाखवावा की नाही हे तिला कळत नव्हतं.

मी बाळाचं नाव विचारते आणि रकान्यात लिहिते. मुलाच्या नावाच्या रकान्यात, बाकीच्या सगळ्या मुलांची नावं जिथे लिहितात तिथेच. आकड्यांबद्दल मी कमीत कमी बोलते. पैशाने काही भरून येत नाही हे त्यांना मी सांगायची गरज नाही. पण अंत्यविधीचं बिल असतं, इस्पितळाचं बिल असतं, आणि या देशाच्या नोंदीत त्यांचं बाळ असणं हा त्यांचा हक्क आहे. कायद्यातली ही एक ओळ ज्या कुणी लिहिली, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

या टेबलावर घाई करत नाही. रांग थांबली तरी चालेल.

दुपारी ३.१५

पाळणाघराच्या पावत्यांची वेळ. दोघं नोकरी करणारे आईबाप, बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर त्याला डेकेअरमध्ये घातलेलं. मूल सांभाळण्याच्या खर्चासाठी वेगळं क्रेडिट आहे. एका मुलासाठी ३,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरतात, आणि २०२५ साठी त्याचे २० ते ३५ टक्के, उत्पन्नाप्रमाणे. सांभाळणाऱ्याचा करक्रमांक मात्र लागतो. शेजारच्या मावशींकडे रोखीने मूल ठेवणाऱ्या आईला तो मागायचा संकोच वाटतो, आणि मावशींना तो द्यायचा. मी आईला एक छापील फॉर्म देते. त्याने प्रश्न माणसाकडून कागदाकडे जातो, आणि नातं बिघडत नाही.

दुपारी ४.१५

परत आलेली विवरणपत्रं. एका आईचं ऑनलाइन नाकारलं गेलं, कारण तिच्या बाळाचा नंबर आधीच कुणीतरी वापरला आहे. वेगळं राहणाऱ्या वडिलांनी. बाळ वर्षातल्या निम्म्याहून जास्त रात्री ज्याच्याकडे राहिलं त्याचा पहिला हक्क, आणि आईने लेखी सोडल्याशिवाय वडिलांना बाल-क्रेडिट घेता येत नाही. पूर्वी अशा वेळी कागदी विवरणपत्र पाठवून महिनोन्‌महिने थांबावं लागे. आता आयआरएसकडून स्वतःचा सहा आकडी गुप्त क्रमांक घेतला तर ऑनलाइन स्वीकारलं जातं. तो काढायला मी तिच्याबरोबर बसते. बालरोगतज्ज्ञाच्या नोंदी आणि भाडेकराराची प्रत जपून ठेव, असं सांगते. पत्र आलं तर घाबरू नकोस, इकडे घेऊन ये.

संध्याकाळी ५.३०

सगळे कागद लोकांसोबत परत जातात, आम्ही कुणाचाही कागद घरी नेत नाही. संगणक बंद होतात.

मुलांसाठीचा पैसा मिळकतीच्या पायरीवर न मोजता प्रत्येक बाळापर्यंत पूर्ण पोचावा, असं माझं ठाम मत आहे. २०२१ने ते शक्य असल्याचं दाखवलं, आणि ते पुन्हा मागायला हवं. कायदा बदलेपर्यंत मात्र जे मंजूर आहे ते प्रत्येक घराने घ्यावं. त्यासाठी एखाद्याने शेजारी बसून रकाने वाचून दाखवले तरी पुरतं. न्यू जर्सीत मराठी घरं भरपूर आहेत आणि त्यांत हिशेब जाणणारी माणसं त्याहून भरपूर. निवृत्त बँकवाले, घरी असलेल्या बीकॉम सुना, संगणकात मुरलेली मुलं. प्रशिक्षण फुकट असतं, लेखापाल असण्याची अट नाही, आणि परीक्षेचा अभ्यास पावसाळी शनिवारांत होतो. तुमच्या गावच्या वाचनालयात विचारा. शरद ऋतूत नावं घेतात, आणि पुढच्या फेब्रुवारीत रांगेत उभ्या असलेल्या कुठल्यातरी आईला तुमची गरज लागणार आहे.